हिरवा बोळा : मराठवाड्यातल्या एका मुघलकालीन मशिदीच्या भिंतीचं प्रकरण

भिंतीची ओल काढण्याचं आणि तिच्यावरची जुनी नक्षी जपण्याचं हे काम मी स्वतः केलेलं आहे. गावाचं आणि माणसांची नावं देत नाही. ओळख पटेल असे एक-दोन तपशील बदललेत. भिंत, चुना, ओल आणि आमची चूक मात्र जशीच्या तशी सांगते.

पार्श्वभूमी

औरंगाबादहून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरहून, अजिंठ्याच्या घाटाकडे निघालं की जुना बुऱ्हाणपूरचा रस्ता लागतो. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली, १६३६ मध्ये शहजादा औरंगजेब दख्खनचा सुभेदार झाला आणि पुढे त्याच खडकीचं औरंगाबाद झालं. बादशाह झाल्यावर तो १६८१च्या अखेरीस बुऱ्हाणपूरला आला, तो उत्तरेत परत गेलाच नाही. १७०७ साली अहमदनगरजवळ वारला, खुलताबादेत त्याची साधी कबर आहे. त्या पंचवीस वर्षांत फौजा, कारकून, व्यापारी सगळ्यांची या रस्त्याने ये-जा होती. सराया, विहिरी, लहान लहान मशिदी अशा रस्त्यांच्या काठाने उभ्या राहिल्या. आमची मशीद त्यातलीच एक.

आकाराने लहानच. तीन कमानी, तीन घुमट, कोपऱ्यांवर बुटके मिनार, पुढे सहन, म्हणजे अंगण. कमानी पाकळीदार, मधल्या कमानीला नऊ पाकळ्या. मेहराब म्हणजे मक्केच्या दिशेच्या भिंतीतला कमानदार कोनाडा; त्याच्या दोन्ही अंगांना सुरईसारखे फुगीर अर्धखांब, त्यांच्या बुंध्याशी पानांची वेटोळी. हे खांब शाहजहानच्या काळात आग्रा-दिल्लीच्या इमारतींत रुळले आणि तिथून दख्खनला आले. (आपण देवघराला, लग्नाच्या मांडवाला जी ‘महिरप’ म्हणतो, तो शब्द याच मेहराबवरून आला. हे मशिदीच्या कमिटीतल्या एका चाचांना सांगितलं, तर ते दोन दिवस सगळ्यांना सांगत फिरले.)

भिंती काळा दगड आणि विटांच्या, वर चुन्याची गच, म्हणजे घोटलेला गिलावा. लाहोरच्या वजीर खान मशिदीवर, १६३४ ते १६४१च्या त्या कामावर, रंगीत चकाकीच्या टाइलतुकड्यांची काशीकारी आहे. आपल्याकडे तेच काम चुन्याने केलं. बीबी का मकबरा १६६१च्या सुमारास उभा राहिला. त्याचा घुमट आणि खालचा काही भाग संगमरवरी, बाकी बहुतेक काम घोटलेल्या चुन्याचं. त्याला ‘गरिबांचा ताज’ म्हणण्याची खोड मला कधीच पटलेली नाही. संगमरवर खाणीतून येतो. तसा दिसणारा चुना हाताने घोटावा लागतो, आणि सव्वातीनशेहून जास्त पावसाळ्यांनंतरही त्यावरची वेल वाचता येते.

आमच्या मशिदीतही अशी वेल असणार, हे २०२३च्या पावसाळ्यापर्यंत कुणाला माहीत नव्हतं. साधारण तीस वर्षांपूर्वी आखातात कामाला गेलेल्या गावातल्या मुलांनी पैसे पाठवले. त्यातून आतल्या भिंतींना कंबरेपर्यंत सिमेंटचा गिलावा झाला आणि वर छतापर्यंत ऑइलपेंट चढला. वर साय रंग, मेहराबला हिरवा. पैसे पाठवणाऱ्यांची भावना खरी होती आणि त्या वेळी ते काम सगळ्यांना झकास वाटलं होतं, हेही लिहून ठेवते.

अडचण

मला फोन आला तो कमिटीतल्या एका तरुणाचा. मेहराबशेजारचा पेंटचा पोपडा सुटला होता आणि खाली लाल रेघ दिसत होती. त्याने मोबाइलवर फोटो पाठवला. दोन बोटं रुंद गेरूची पट्टी, तिला लागून पानाचं टोक.

गेले तेव्हा कळलं की वेल हा कमिटीचा प्रश्नच नव्हता. त्यांचा प्रश्न ओलीचा होता. “म्याडम, ही भिंत दर पावसाळ्यात रडते,” मुतवल्ली, म्हणजे मशिदीचे व्यवस्थापक, म्हणाले. सिमेंटच्या गिलाव्याच्या वर, जिथे ऑइलपेंट सुरू होतो तिथे, फोड आले होते. बोटाने दाबला की फुटायचा आणि आतून पांढरी भुकटी सांडायची. लोणा. नमाजीच्या पहिल्या सफीत, म्हणजे रांगेत, उभ्या राहणाऱ्यांच्या कपड्यांना तो लागायचा.

कमिटीने उपायही ठरवला होता. खांद्यापर्यंत चकचकीत टाइल्स, छताला पीओपी आणि वर नवा पेंट. टाइल्सचे खोके येऊन पडले होते. रमजान १२ मार्च २०२४ला लागणार होता, त्याआधी काम संपायला हवं होतं. माझ्या हातात चार महिने होते, आणि त्या चार महिन्यांत पाच वेळची नमाज एक दिवसही चुकणार नव्हती.

ओल येते कुठून

पहिले दोन आठवडे मी नक्षीकडे बघितलंच नाही. हा निर्णय आमच्या सगळ्या निर्णयांत सर्वांत बरा ठरला.

उत्तरेच्या भिंतीला लागून वजूचे, म्हणजे नमाजीआधी हातपाय धुण्याचे, नळ होते. मूळचा हौज सहनाच्या मध्यावर होता. तो गळतो म्हणून बुजवला आणि नळ भिंतीलगत आणले. म्हणजे दिवसातून पाच वेळा पाणी भिंतीच्या पायाशी. मागे, पश्चिमेला, गल्लीतली गटार. आणि सहनात एकावर एक फरशा. आम्ही कोपऱ्यात एक खड्डा घेतला. वर शहाबादी, खाली कोबा, त्याखाली मुरूम, त्याखाली जुनी दगडी फरशी. सहन मूळ पातळीपेक्षा सव्वा फूट वर आलं होतं. तेवढा जोता मातीत गेला होता, आणि जोत्याच्या दगडावर कोरलेली पाकळ्यांची ओळही. तिच्यावरून हात फिरवताना चाचा गप्प बसले होते.

पाणी जमिनीतून भिंतीत चढतं. चुन्याच्या गिलाव्यातून ते सहज बाहेर पडतं, वाळतं. सिमेंट घट्ट असतं, त्यातून ते निघत नाही, म्हणून आणखी वर चढतं. वर ऑइलपेंटचा पडदा. तिथे कोंडलं की पाण्याबरोबर आलेले क्षार त्याच पडद्यामागे स्फटिक धरतात, फुगतात आणि जुनी गच आतून फोडतात. टाइल लावली असती तर हीच रेषा खांद्यावर गेली असती, म्हणजे थेट मेहराबच्या नक्षीत.

हे बोलून पटत नव्हतं. मग दोन कोऱ्या विटा घेतल्या. एकीला बाजूंनी प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधली, दुसरी तशीच, आणि दोन्ही परातभर पाण्यात उभ्या केल्या. दुसऱ्या दिवशी जुम्याच्या, म्हणजे शुक्रवारच्या, नमाजीनंतर लोकांनी स्वतः बघितलं. पिशवीतली वीट जास्त उंचीपर्यंत भिजली होती. टाइल्सचा विषय त्या परातीपाशी संपला.

समोरचे पर्याय

टाइल बाद झाल्यावर तीन वाटा उरल्या.

पहिली, सगळं सोलून मूळ भिंत उघडी करायची. तरुणांना ही हवी होती, आणि खरं सांगायचं तर मलाही. पण पेंटखाली नेमकं किती शिल्लक आहे हे माहीत नव्हतं. आणि सोलून निघालेली भिंत अर्धी बोडकी निघाली, तर रमजानच्या तोंडावर ती लोकांच्या माथी मारणार कशी?

दुसरी, राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे संरक्षित स्मारकासाठी अर्ज. १९६०च्या राज्य कायद्याखाली तशी सोय आहे. कमिटीला भीती वाटत होती की मशीद हातची जाईल, साधा पंखा बसवायलाही परवानगी लागेल. केंद्राच्या यादीतल्या स्मारकांभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी असते, हे कुणीतरी ऐकलं होतं आणि गल्लीतल्या घरांची झोप उडाली होती. केंद्राची यादी वेगळी, राज्याची वेगळी, हे मी समजावलं. पण भीती काही गेली नाही. मी तो आग्रह सोडला. जागा वक्फची असल्याने मंडळाला कळवणं मात्र भाग होतं आणि ते केलं.

तिसरी वाट, आधी पाणी, मग सिमेंट, मग नक्षी. रमजानपर्यंत फक्त खालची भिंत, वरच्या पेंटला हातही लावायचा नाही. नक्षीसाठी तळहाताएवढ्या दोन-तीन खिडक्या उघडून अंदाज घ्यायचा. दिसायला हे काम सगळ्यांत गरीब. चार महिन्यांच्या शेवटी लोकांना काय दिसणार? पांढरी भिंत आणि वर तोच जुना पेंट. तरी कमिटीने ही वाट घेतली, कारण तिच्यात कुठलीही पायरी परत फिरवता येत होती.

काय केलं

नळ सहनाच्या दुसऱ्या टोकाला नेले. म्हाताऱ्यांना थोडं लांब पडलं, त्यावरून कुरबुर झाली, ती अजून आहे. उत्तर आणि पश्चिम बाजूंनी भिंतीलगत दीड फूट रुंदीचा चर जुन्या जोत्यापर्यंत खणून त्यात खडी भरली. सगळं सहन खाली उतरवायचा मोह मी आवरला. तेवढे पैसे नव्हते, आणि चराने भागत होतं.

सिमेंट छिन्नी-हातोडीने हाताने काढलं, यंत्र लावलं नाही. दिल्लीत हुमायूनच्या मकबऱ्याच्या छतावरून काही वर्षांपूर्वी जवळपास १० लाख किलो काँक्रीट असंच हाताने उतरवलं होतं. त्या मानाने आमचं काम किरकोळ, पण सिमेंटबरोबर खालची वीटही निघून येते तेव्हा हात थरथरतोच. काम सकाळी सातला सुरू करायचं, साडेबाराला झाडून-पुसून थांबायचं, जोहरसाठी, म्हणजे दुपारच्या नमाजीसाठी, चटया अंथरायच्या. जुम्याला सुट्टी.

चुन्याचं काम शहरातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी धरलं. कळीचा चुना हौदात विरवून तीन आठवडे मुरत ठेवला. वाळू, विटकरीची भुकटी म्हणजे सुरखी, आणि गूळ, बेलफळ, हिरड्याचं पाणी. पहिल्या हाताला चिरलेला ताग. मिस्त्री माल बोटांत चोळून नाकाशी धरायचे आणि “अभी कच्चा है” म्हणून परत पाठवायचे. गिलावा मुद्दाम ढिला, सच्छिद्र ठेवला. क्षार यायचे ते त्यात येऊ देत. पाच-सात वर्षांनी तो काढून नवा लावता येईल. मूळ भिंतीऐवजी त्याने झिजायचं.

पहिली चूक : घाई

भिंत एक पूर्ण उन्हाळा उघडी वाळायला हवी होती. आमच्याकडे जेमतेम अडीच महिने होते. फेब्रुवारीच्या अखेरीस शेवटचा हात झाला आणि चार दिवसांत त्यावर चुन्याची सफेदी. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश दगड होतो, त्याला तारीख कळत नाही. रमजानभर पांढरी पूड उडत राहिली. तरावीहनंतर, म्हणजे रमजानातल्या रात्रीच्या नमाजीनंतर, लोक बाहेर पडायचे ते खांदे झटकत. ईदला नव्या कपड्यांवरही पांढरे हात. आधी लोणा लागायचा, आता चुना, असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मी हसले नाही. कोरा गिलावा तसाच सोडून पुढे चादरी टांगायच्या, हे मला फेब्रुवारीत सुचायला हवं होतं. कमिटीने ते मान्य केलं असतं. मी विचारलंच नाही.

दुसरी चूक : हिरवा बोळा

नक्षीचं काम २०२४चा पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात काढलं. खिडक्यांतून दिसलं होतं की मेहराबच्या कमानीभोवती गेरूची पट्टी आहे आणि पट्टीच्या आत वेल. वर हिरवा ऑइलपेंट. छोट्या सुरीने तो तोळा-मासा निघत होता, दिवसाला दोन तळहात. म्हणून एका कोपऱ्यात पेंट सोडवणारं रसायन लावून बघायचं ठरलं. कापसाचा बोळा फिरवला, बोळा हिरवा झाला. छान, पेंट निघतोय. दुसरा बोळा, हिरवा. तिसराही हिरवा. चौथा पांढरा आला तेव्हा खाली गेरूची पट्टी लखलखीत होती आणि तिच्या आत काहीच नव्हतं. कोरी गच.

मी पहिल्या बोळ्यांकडे परत बघितलं. पहिला गडद, चिकट, पोपटी झाक असलेला. दुसरा आणि तिसरा फिका, मातकट. ते पेंट नव्हतं. ती सतराव्या शतकातली पानं होती.

गेरू ओल्या गचीवर भरला होता, म्हणून चुन्याबरोबर तो भिंतीचाच झाला होता. हिरवी पानं मात्र गच वाळल्यावर डिंकासारख्या कशात तरी कालवून वरून काढलेली. वरचा पेंट उतरवणाऱ्या बोळ्याने तीही उतरवली. ओल्यावरचा रंग आणि कोरड्यावरचा रंग हा भेद मी विद्यार्थ्यांना शिकवते. पण वरचा थरही हिरवा आणि खालचाही हिरवा, त्यामुळे चाचणीचा रंगच आम्हाला फसवून गेला. साधी खबरदारी होती. प्रत्येक बोळा क्रमाने पांढऱ्या कागदावर मांडायचा आणि दुसरा लावण्याआधी उजेडात नेऊन बघायचा. आम्ही बोळे टोपलीत टाकत होतो.

तळहाताएवढी जागा गेली. कमिटीला त्याच संध्याकाळी सांगितलं. मुतवल्लींनी विचारलं, “बाकीची शाबूत आहे ना?” आहे, म्हटलं. “मग सुरीनेच करा. आम्हाला कुठं जायचंय?” त्यानंतर रसायन बंद. बाकी मेहराब सुरीने आणि भिंगाने उघडायला पाच महिने लागले.

गळलेलं भरायचं का?

उघडलेल्या मेहराबमध्ये साधारण तिसरा हिस्सा नक्षी गळालेली होती. मिस्त्रींचं म्हणणं, सगळं भरून देतो, कुणाला कळणार नाही. माझं म्हणणं होतं की कळलं पाहिजे. आणि चाचांचं म्हणणं, तुमच्या संग्रहालयात फुटकी मूर्ती शोभते; इथे माणूस मेहराबकडे तोंड करून उभा राहतो, अर्धवट भिंत म्हणजे आमची हेळसांड दिसेल. मला हा मुद्दा खोडता आला नाही.

हुमायूनच्या मकबऱ्याच्या छत्र्यांवर चकाकी उडालेल्या जुन्या फरशा काढल्या नाहीत, जिथे फरशीच नव्हती तिथेच नव्या बसवल्या. तो दाखला समोर ठेवून आम्ही रेघ आखली. गेरूची पट्टी आणि तिच्यातली पाकळ्यांची साखळी तीच ती पुन्हा येते, तिथे अंदाज करावा लागत नाही. ती मिस्त्रींनी भरली, मूळ रंगापेक्षा किंचित फिकी. वेल मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळी वळते. जिथे ती गेली तिथे साधी घोटलेली गच ठेवली. दहा पावलांवरून मेहराब पूर्ण दिसतो, दोन हातांवरून जोड दिसतात. चाचा खूश नाहीत, पण नाराजही नाहीत.

दारावरचा फलक

फलकावर लिहिलं होतं, ‘बांधकाम : बादशाह औरंगजेब’. पेंट निघाल्यावर शिलालेख सापडेल अशी सगळ्यांना आशा होती. निघाली ती वेल. तारीख नाही, नाव नाही. खांब, पाकळीदार कमानी, गचीची पद्धत यांवरून काळ सतराव्या शतकाचा उत्तरार्ध म्हणता येतो, त्यापुढे नाही. मी तसं लेखी दिलं. ‘बादशाह’ काढायला दोघांचा विरोध होता. त्यांना वाटलं, गावाची शान कमी होते. शेवटी नव्या फलकावर काळ तेवढा आला, बांधणाऱ्याची ओळ रिकामी राहिली. जुना फलक फेकला नाही. तो आत इमामांच्या खोलीत आहे.

आज काय स्थिती आहे

दोन पावसाळे गेले. उत्तरेची भिंत कोरडी आहे. पश्चिमेला एका कोपऱ्यात वीतभर ओल अजून येते, कारण गल्लीतली गटार अजून तशीच आहे आणि ती आमच्या हातात नाही. खालच्या गिलाव्यावर पांढरा फुलोरा धरतो. आठवड्यातून एकदा कोरड्या कुंच्याने झाडतात, पाणी लावत नाहीत. हे शिकवायला सगळ्यांत जास्त वेळ लागला. बाजूच्या भिंतींवर ऑइलपेंट अजून आहे. त्याखाली काय आहे ते आम्ही बघितलेलं नाही आणि पैसे जमेपर्यंत बघायची घाईही नाही. टाइल्सचे खोके वाया गेले नाहीत. नव्या वजूच्या जागेला त्या लावल्या, तिथे त्या शोभतातही.

पुन्हा करायचं झालं तर

नळ हलवण्याआधी म्हाताऱ्यांशी बोलेन. आम्ही तरुणांशी आणि मुतवल्लींशी बोललो. रोज पाच वेळा ते अंतर चालणाऱ्यांना कुणी विचारलं नाही. एक नळ त्यांच्यासाठी दाराशी, भिंतीपासून दूर, सहज देता आला असता.

रमजानची तारीख कामाचा शेवट म्हणून धरणार नाही, कामातला थांबा म्हणून धरेन. उघडी भिंत लोकांना चालते, फक्त ती उघडी का आहे हे आधी सांगावं लागतं.

आणि बोळे. आता माझ्या पेटीत जाड पांढऱ्या कागदाची वही असते. प्रत्येक बोळा चिकटवायचा, खाली क्रमांक आणि वेळ. तिच्या पहिल्या पानावर त्या दिवशीचे चार बोळे आहेत. रात्री टोपलीतून शोधून काढले होते.

मशीद बघायला आता अधूनमधून कॉलेजची मुलं येतात. चाचा त्यांना मेहराब दाखवतात, वेलीवरून बोट न टेकवता हवेतल्या हवेत हात फिरवतात, आणि कोपऱ्यातल्या त्या तळहाताएवढ्या कोऱ्या जागेशी थांबतात. “और ये,” ते म्हणतात, “ये म्याडम ने साफ किया.”